चार नंबर चेंबरची टीम

तुर्भ्याच्या ज्या कोल्ड स्टोरेजमध्ये मी टॅली क्लार्क आहे, तिथे पाच चेंबर आहेत. माझं काम साधं. गाडी डॉकला लागली की आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पेट्या मोजायच्या, आणि प्रत्येक चेंबरचं तापमान दिवसातून तीनदा आत जाऊन लिहायचं. ज्या वर्षी ही गोष्ट सुरू झाली, त्या वर्षी चार नंबर रिकामा पडला होता. मासळी एक्स्पोर्ट करणारी पार्टी सोडून गेली होती. रिकामा चेंबर एकदम बंद केला तर फरशी आणि भिंती तडकतात, असं आमचा कॉम्प्रेसरचा ऑपरेटर सांगायचा, म्हणून तो उणे आठवर चालूच ठेवला होता.

मार्चमधल्या एका दुपारी मी तापमान लिहायला आत गेले. वरच्या कॉइलचं पाणी गळून अर्ध्या चेंबरभर पसरलं होतं आणि गोठून त्याची काच झाली होती. त्या काचेवर आमचा सफरचंदाच्या मालाचा सुपरवायझर घसरत होता. पन्नाशीचा, लडाखचा माणूस, पूर्वी फौजेत होता. दोन्ही हात पाठीमागे बांधून तो एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत जात होता, जेवल्यावर शतपावलीला निघालेल्या माणसासारखा निवांत. पायात साधे गमबूट.

मला बघून तो थांबला आणि म्हणाला, "दीदी, शेठ को मत बोलना. बस दो मिनट."

मी शेठना सांगितलं नाही, पण त्यांच्या मुलीला सांगितलं. ती तेव्हा सव्वीसची होती, एमबीए करून धंद्यात लक्ष घालायला लागली होती. लहानपणापासून वाशीला चाकांच्या स्केट्सवर हॉकी खेळायची, घरात कपाटभर मेडल्स होती. गमतीची बातमी म्हणून मी तिला सांगितलं, पण तिने ती गंमत म्हणून घेतलीच नाही. त्याच संध्याकाळी ती चेंबरमध्ये गेली, त्या माणसाशी तासभर बोलली आणि बाहेर आली तेव्हा तिच्या डोक्यात सगळं ठरलेलं होतं. उत्तरेत डोंगरातल्या एका शहरात बर्फाचं जुनं रिंक होतं. तिथे बायकांची आइस हॉकीची छोटी लीग सुरू होणार होती. तीन टीम तयार होत्या, चौथी हवी होती. आणि आपल्याकडे रिकामा, थंड चेंबर होता आणि फौजेत असताना गोठलेल्या तळ्यांवर हॉकी खेळलेला माणूस होता.

शेठनी नवी पार्टी मिळेपर्यंत परवानगी दिली. त्यांना वाटलं असावं, महिन्याभरात हौस फिटेल.

आता तो चेंबर कसा होता ते सांगते. आमच्या सोसायटीच्या हॉलपेक्षा थोडा मोठा, आणि मधोमध सहा खांब. खांबांना जुन्या गाद्या गुंडाळून सुतळीने बांधल्या. भिंतींना धडकून कोणाचं डोकं फुटू नये म्हणून कडेने इन्सुलेशनच्या जुन्या शीट उभ्या केल्या. गोलपोस्ट शेजारच्या फॅब्रिकेटरने पाइप वेल्ड करून दिले, आणि जाळी म्हणून खाडीवरच्या एका कोळ्याकडचं जुनं जाळं आणलं. पाणी ओतून बर्फाचा थर जाड करण्याचं काम ऑपरेटरकडे आलं. तो कुरकुर करत करायचा, पण करायचा.

मुली संध्याकाळी सहाला यायच्या. एकूण नऊ. कॉलेजातल्या चौघी, एक फिजिओथेरपिस्ट, एक नेरुळला ब्युटी पार्लर चालवणारी, बाकीच्या नोकरीवाल्या. सगळ्या शेठच्या मुलीसारख्याच चाकांच्या स्केट्सवर वाढलेल्या. बर्फावर पहिल्या आठवड्यात सगळ्या पडल्या. लडाखी सुपरवायझरला त्या आधी 'सर' म्हणत होत्या. त्याने सांगितलं, आमच्याकडे मोठ्या भावाला 'आचो' म्हणतात, तसं म्हणा. मग तो सगळ्यांचा आचो झाला, माझाही. वयाने तो माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठाच होता.

मी तिथे फक्त किल्लीसाठी थांबायचे. चार नंबरची किल्ली माझ्याकडे, शेवटी कुलूप लावायची जबाबदारी माझी. फ्रीझरचं जॅकेट घालून दाराजवळ क्रेटवर बसायचे आणि दिवसभराची टॅली पक्की करायचे.

गोलकीपर म्हणून त्यांनी जी कॉलेजची मुलगी घेतली होती, तिच्या आईने दीड महिन्यात तिचं येणं बंद केलं. परीक्षा जवळ आली होती, शिवाय चकती तिच्या खांद्याला लागली होती. आइस हॉकीत चेंडू नसतो, रबराची काळी, जड चकती असते. तिला पक म्हणतात. जोरात मारली की डोळ्यांना नीट दिसतही नाही. दुसरी कोणी गोलमध्ये उभी राहायला तयार होईना. सगळ्यांना धावायचं होतं, म्हणजे घसरायचं होतं. शेठच्या मुलीने परदेशातल्या मावसभावाकडून गोलकीपरचं जुनं सामान मागवलं होतं, गाद्यांसारखे पॅड, पिंजऱ्यासारखं हेल्मेट. ते कोपऱ्यात पडून होतं.

एका शुक्रवारी ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, आजच्या दिवस नुसतं उभं राहाल का? काही करू नका. नुसतं गोल झाकायचंय."

तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते. शाळेत कबड्डी खेळले होते तेवढाच खेळ. स्केट्स तर कधी हातातही घेतले नव्हते. पण तिने मागितलं ते कठीण वाटलं नाही. उभं राहण्याचंच तर काम करते मी, रोज आठ तास, गार डॉकवर. दोन मुलींनी मिळून मला पॅड बांधले, एक फळांचा क्रेट हातात दिला आणि तो ढकलत ढकलत मी गोलपर्यंत पोचले.

त्या पहिल्या दिवशी काय झालं ते मी नंतर पुष्कळ जणांना सांगायचा प्रयत्न केलाय, पण नीट जमत नाही. हेल्मेट घातल्यावर बाहेरचा आवाज लांब जातो. कॉम्प्रेसरची घरघर, मुलींची ओरड, सगळं पलीकडच्या खोलीत चालल्यासारखं. समोर फक्त ती काळी चकती. दिवसभर मला कोणी ना कोणी हाक मारत असतं. डॉकवर हमाल, ऑफिसात अकाउंटंट, घरी नवरा, सासू, पुण्याला होस्टेलला असलेली मुलगी फोनवर. त्या पिंजऱ्यात कोणी हाक मारली तरी माझ्यापर्यंत पोचत नव्हती. पहिल्या तीन चकत्या आत गेल्या. चौथी माझ्या पायाला लागून बाहेर गेली. मला लागलं नाही. पाचवी मी बघितली. म्हणजे खरंच बघितली, काठीवरून सुटल्यापासून. पेट्या ट्रकमधून एकमेकांकडे फेकणाऱ्या हमालांकडे एवढी वर्षं बघून असेल, पण कुठली वस्तू कुठे येणार हे मला आधी कळतं. ती मी हातमोज्यात धरली.

आचो दुसऱ्या टोकाकडून घसरत आला, मोज्यात वाकून बघितलं आणि परत गेला. दुसऱ्या दिवशी कामावर आले तेव्हा माझ्या टेबलाखाली एक स्केट्सची जोडी ठेवलेली होती. माझ्या मापाची.

घरी मी सांगितलं नाही. ओव्हरटाइम आहे, एवढंच सांगितलं. आम्ही कोपरखैरण्याला राहतो, माझ्या सासरचे लोक मूळ तिथलेच, गावठाणातले. नवरा रबाळ्याला कारखान्यात फोर्कलिफ्ट चालवतो. माणूस वाईट नाही, पण कुठल्याही नव्या गोष्टीला त्याचा पहिला शब्द 'कशाला' असतो.

अडीच महिने असे निघाले. मग एकदा चकती माझ्या दंडावर, जिथे पॅड संपतो नेमकी तिथे बसली. दुसऱ्या दिवशी तिथे जांभळा-काळा डाग. मी लांब बाह्यांचे ब्लाउज कपाटातून बाहेर काढले. पण सासूबाईंच्या नजरेतून काय सुटणार. त्या सत्तरीच्या, आयुष्यभर डोक्यावर टोपली घेऊन मावरं, म्हणजे मासळी, विकलेली बाई. त्यांनी दोन दिवस काही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी नवरा कामावर गेल्यावर दार लावून घेतलं आणि माझ्यासमोर बसल्या.

"कोनी मारलान तुला?"

मी म्हटलं, कोणी नाही. त्यांनी माझा हात धरला आणि आवाज खाली आणून विचारलं, "माझ्या पोरान?"

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते बघून मला खोटं बोलवेना. दोन दिवस त्या हाच विचार करत होत्या, आपल्या मुलाबद्दल. मी सगळं सांगितलं, चेंबर, आचो, मुली, पॅड. त्या ऐकत राहिल्या. मधेच उठून आंबेहळद उगाळून आणली आणि दंडाला लावता लावता म्हणाल्या, "बरफ मावऱ्याला लागतं. मान्साला कशाला?" पण त्यांचा श्वास मोकळा झालेला मला ऐकू आला.

रात्री त्यांनीच मुलाला सांगितलं. नवरा माझ्या खेळण्यावर नाही, ओव्हरटाइमच्या थापेवर चिडला. "मला सांगितलं असतंस तर मी काय नको बोललो असतो?" असं तो म्हणाला. हो, नको म्हणाला असता. ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. थोड्या वेळाने त्याने विचारलं, चकती केवढी असते. मी वाटीने दाखवली. मग वजन विचारलं. मग म्हणाला, दंडाला रबराची पट्टी लावून घे, कारखान्यात मिळते, मी आणतो. आणली त्याने.

पुढच्या रविवारी सासूबाई चेंबर बघायला आल्या. हमालांनी त्यांना दोन जॅकेट एकावर एक घातली. त्या आत आल्या, खाली बसल्या आणि हातातल्या अंगठीने बर्फावर टकटक करून ऐकलं. मग ऑपरेटरला म्हणाल्या, "कच्चा हाय. पानी एकदम ओतता तुमी. थोरा थोरा ओता." ऑपरेटरला राग आला, पण आचो हसला. तो हेच महिनाभर सांगत होता. त्या आठवड्यापासून पातळ थर ओतायला सुरुवात झाली आणि बर्फ खरंच घट्ट झाला. स्केटचा आवाजसुद्धा बदलला.

पहिल्या सीझनला आम्ही डिसेंबरात रेल्वेने गेलो. शेठनी तिकिटं काढून दिली. पॅड गोणपाटात शिवून नेले होते, टीसीने दोनदा उघडून दाखवायला लावले. सासूबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी बांधून दिली होती. पार्लरवाली शाकाहारी होती, ती सोडून सगळ्यांनी चटणी दुपारीच संपवली.

ते रिंक बघून आम्ही घाबरलो. आमच्या चेंबरच्या कितीतरी पट मोठं, आणि मधे एकही खांब नाही. आमच्या मुलींना खांबांची इतकी सवय झाली होती की मोकळ्या बर्फावरही त्या नसलेल्या खांबाला वळसा घालत होत्या. समोरच्या टीमला कळेना हे काय डावपेच आहेत. पहिल्या दहा मिनिटांत त्यांना कळलं की डावपेच नाहीत, आणि मग त्यांनी गोल करायला सुरुवात केली.

डोंगराकडच्या मुलींची टीम होती ती, चालायला लागल्यापासून बर्फावर असलेल्या. चौदा गोल झाले. चौदाव्या वेळी मी जाळ्यातून चकती काढून देताना मागे बघितलंही नाही. मॅच संपल्यावर कपडे बदलायच्या खोलीत मी पॅड न काढता भिंतीकडे तोंड करून बसले. आयुष्यात मी कामात चुका केल्यात, पण एवढ्या लोकांसमोर एकामागोमाग चौदा कधीच नाही. परत जाऊन किल्ली देऊन टाकायची, असं ठरवलं होतं.

आचो आला. त्याच्या हातात माझीच टॅलीची वही होती, मी बॅगेत टाकून आणलेली. त्याने पान उघडून माझ्यापुढे धरलं. पाच-पाच रेघांचे गठ्ठे, मी पेट्या मोजते तसेच.

"चौदह गया," तो म्हणाला. "लेकिन वो लोग एकसठ बार मारा. बाकी किसने रोका, दीदी?"

मी ते गठ्ठे पुन्हा मोजले. सवयच आहे. बरोबर होते.

उरलेल्या दोन मॅचही हरलो, पण कमी गोलांनी. परतीच्या गाडीत मुली झोपल्या होत्या आणि शेठची मुलगी कागदावर पुढच्या वर्षाचं वेळापत्रक आखत होती. मी किल्लीबद्दल काही बोलले नाही.

दुसरं वर्ष आमचं सगळ्यात चांगलं वर्ष. उन्हाळ्यात बाहेर तुर्भ्याचा रस्ता तापलेला, ट्रकच्या रांगा, डांबराचा वास, आणि आत आमच्या तोंडातून वाफा. मी स्केट्सवर क्रेटशिवाय उभी राहायला लागले, मग गुडघ्यावर बसून परत उठायला. आचोने एकदा अर्धे खांब नाहीतच असं समजून खेळायला लावलं, म्हणजे खांबाला धडकलात तरी चालेल पण वळायचं नाही. दोघींच्या बरगड्या दुखावल्या, पण सवय मोडली. नवरा अधूनमधून शिफ्ट सुटल्यावर यायचा, दाराच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांमधून बघायचा आणि घरी गेल्यावर मला माझ्या चुका सांगायचा. बहुतेक बरोबर असायच्या.

त्या सीझनला आम्ही एक मॅच जिंकलो. मैदानी शहरातल्या टीमविरुद्ध, दोन-एक. आमचे दोन्ही गोल पार्लरवालीने केले, दोन्ही वेळा चकती कोणाच्या तरी पायाला लागून आत गेली, पण गोल तो गोल. शेवटची तीन मिनिटं समोरच्या मुली माझ्यावर सारख्या येत राहिल्या. तेव्हा मी काय केलं ते मला आठवत नाही. आठवते ती शिट्टी, आणि शिट्टीनंतर आमच्या मुली माझ्याकडे येताना त्यांच्या स्केट्सचा आवाज. आठ जणी एकदम अंगावर आल्या आणि आम्ही सगळ्या जाळ्यासकट मागे पडलो. आचो बाकावरून उठला नाही. डोळे पुसत होता, आणि कोणी बघतंय का ते बघत होता.

मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, थांब, स्पीकरवर टाकतो. पलीकडून सासूबाईंनी विचारलं, कोणाला लागलं नाही ना. मी म्हटलं, नाही. मग बरं झालं, म्हणाल्या.

तिसरा सीझन झालाच नाही. लीग चालवणाऱ्यांचा पैसेवाला माणूस मागे हटला. आधी तारखा पुढे ढकलल्या, मग फोन उचलणं बंद केलं. शेठची मुलगी चार महिने पाठपुरावा करत होती. आम्ही सराव थांबवला नव्हता, कारण थांबवला तर संपल्यासारखं होईल. पण कॉलेजच्या मुलींची शेवटची वर्षं आली, फिजिओथेरपिस्टचं लग्न ठरलं, कधी पाच जणी यायच्या, कधी तीन. मग चार नंबरला पार्टी मिळाली. फ्रोझन वाटाणा आणि फ्रेंच फ्राइज. शेठनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, मुलीला नाही. मला म्हणाले, तूच सांग. मी सांगितलं. ती आधीच ओळखून होती. तिने फक्त विचारलं, किती दिवस आहेत. दहा, मी म्हटलं.

बर्फ फोडायचं काम आम्ही हमालांना दिलं नाही. एका रविवारी सकाळी सगळ्या आल्या, लग्न होऊन ठाण्याला गेलेलीसुद्धा. ऑपरेटरने आदल्या दिवशीच थंडी कमी करून ठेवली होती, तरी चार इंचाचा बर्फ पहारीने सुटायला वेळ लागला. तो थराथराने निघत होता. एका थरात कोणाची तरी केसांची क्लिप होती, एकात टिकली, एकात गोलच्या रेषेचा लाल रंग. एका ढेपेत हातमोज्याचं एक बोट सापडलं, ते कोणाचं यावर बराच वेळ वाद झाला. ढेपा हातगाडीवर घालून कंपाउंडच्या मागे नेऊन टाकल्या. दुपारपर्यंत त्यांचा ढीग झाला आणि भोवतीची कुत्री त्याला टेकून झोपली. संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा नुसती ओल राहिली होती.

आचो त्या सीझनचं सफरचंद संपल्यावर गावी गेला आणि परत आला नाही. आई आजारी होती, शेतीही बघायची होती. जाताना त्याने प्रत्येकीला जर्दाळूचं एक-एक पाकीट दिलं आणि मला म्हणाला की त्याला नवी मुंबईत राहवत नव्हतं, उकाड्याने जीव जायचा, एवढी वर्षं तो चार नंबरमुळे टिकला. मला वाटत होतं, तो आमच्यासाठी राहिला. बहुतेक दोन्ही खरं असेल.

शेठची मुलगी आता धंदा चालवते, आणि चांगला चालवते. पार्लरवालीने दुसरं दुकान काढलं. मी अजून डॉकवर आहे. चार नंबरमध्ये दिवसातून तीनदा जाते, वाटाण्याच्या पेट्यांमधून वाट काढत तापमान लिहिते. उणे अठरा.

यंदा थंडीत आचोचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्या गावाजवळच्या तळ्यावर बायका खेळत होत्या, शिक्षिका, अंगणवाडीवाली, दोन आज्या. गोलमध्ये उभं राहायला कोणी तयार होत नाही, असं तो म्हणाला. मी हसून विषय बदलला. माझा गुडघा दुखतो, शिवाय तिथे विमानाने जावं लागतं. फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, रजा किती शिल्लक आहे तुझी. मी सांगितलं, अकरा दिवस. त्याने त्याचीही सांगितली.

काल मी माळ्यावरून पॅड खाली काढले. एकाचा पट्टा उंदरांनी कुरतडलाय. कोपरखैरण्याच्या बाजारात एक बॅगा शिवणारा आहे, त्याच्याकडे टाकून आलेय. हे कशाचं आहे, त्याने विचारलं. मी सांगितलं, गोलकीपरचं. गुरुवारी या, म्हणाला.